मनोरमाबाई मेधावी : परदेशी शाळेत वाढलेली स्वदेशी कन्या

खानदेशातल्या आपल्या मंडळ्यांत एकाच भाषेवर ज्याचा निर्वाह होतो असे घर क्वचितच आढळते. चुलीपाशी अहिराणी बोलली जाते. साक्री-नवापूरच्या बाजूस मावची, तर शिरपूर-चोपड्याच्या डोंगरात पावरी ऐकू येते. शाळेत व उपासनामंदिरात मराठी असते. मजुरीसाठी सुरतेकडे गेले की गुजराती कानी पडते. आणि ज्या मुलाने पुढे शिकावे अशी आईबापांची इच्छा असते, त्याच्या पुढ्यात इंग्रजी येऊन उभी राहते.

अशा मुलाला दूरच्या बोर्डिंगात धाडताना आईबापांच्या मनात दोन भये असतात. न शिकले तर ते मागे राहील, हे एक. शिकले तर ते आपले राहील की नाही, हे दुसरे. पहिले भय उघड बोलून दाखविता येते. दुसरे पोटातच ठेवावे लागते. सुटीत घरी आलेला मुलगा आजीच्या बोलण्याला हसतो, किंवा मोठ्या शाळेत गेलेली मुलगी मैत्रिणींसमोर आईला हाक मारण्यास लाजते, तेव्हा ते भय खरे झाल्यासारखे वाटून आईबापांचा जीव कासावीस होतो.

हेच दुसरे भय सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी एका मराठी विधवेने समुद्रापलीकडे राहून अनुभवले, व त्यावर धीराने उपाय योजिला. ती विधवा म्हणजे पंडिता रमाबाई, आणि ते मूल म्हणजे त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा. रमाबाईंचे चरित्र आपल्या वाचकांनी पुष्कळ वेळा ऐकले असेल. येथे त्यांच्या कन्येचे चरित्र सांगावयाचे आहे. कारण परमुलखातील शाळेत, अनेक भाषांच्या मध्ये, मूल लहानाचे मोठे कसे होते व त्यापासून लाभ आणि धोका कोणता, हे त्या चरित्रात स्पष्ट दिसते.

जन्म व मातापितर

मनोरमेच्या आईचे बाळपणही एका ठिकाणी स्थिर असे गेले नव्हते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. त्यांनी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे आश्रम केला होता. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. भोवतालचा मुलूख कानडी, घरातली भाषा मराठी, आणि शिक्षण संस्कृताचे, अशी तीन भाषांची वाट त्या मुलीला प्रथमपासूनच मिळाली. पुढे सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले व वर्षानुवर्षे देशभर पायी हिंडत राहिले. त्या प्रवासात रमाबाईंना कानडी, हिंदी व बंगाली ह्या भाषा बोलता येऊ लागल्या. परंतु मुलखामागून मुलूख बदलला तरी आईबापांनी आपसात व लेकरांशी मराठीच बोलण्याचा नेम सोडला नाही. म्हणून महाराष्ट्राबाहेर वाढूनही रमाबाईंची मराठी शुद्ध राहिली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचा उपयोग होईल.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात प्रथम वडील, मग आई व बहीण अशी तिघेही मरण पावली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले आणि चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बंधूही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. नवरा व नवरी ही निरनिराळ्या प्रांतांची, निरनिराळ्या जातींची आणि निरनिराळ्या मातृभाषांची होती. त्यांनी आसामातील सिल्चर गावी संसार मांडला, व तेथे १६ एप्रिल १८८१ रोजी त्यांना कन्या झाली. मनाला आनंद देणारी म्हणून तिचे नाव मनोरमा ठेवले.

अशा रीतीने ह्या बालिकेला जन्मतःच बापाची बंगाली व आईची मराठी असा दुहेरी वारसा मिळाला. त्याच सिल्चरच्या घरात, बिपिनबिहारींच्या पुस्तकांमध्ये, रमाबाईंना लूकचे शुभवर्तमान बंगाली भाषेत सापडले व ते त्यांनी मोठ्या आवडीने वाचले. त्यापूर्वी कलकत्त्यास त्यांच्या हाती संस्कृत बायबल आले होते. पुढे मराठीत, नंतर इंग्रजीत, आणि शेवटी इब्री व हेल्लेणी ह्या मूळ भाषांत तोच ग्रंथ त्यांच्या हाती येणार होता. अनेक भाषा येत असल्यामुळे त्यांच्याकडे सुवार्तेच्या अनेक वाटा खुल्या झाल्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु ते घर फार दिवस टिकले नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबिहारींना पटकीने गाठले व ते वारले. मनोरमा तेव्हा दहा महिन्यांचीही नव्हती. बापाची भाषा बापाच्या तोंडून शिकण्याचे भाग्य तिला लाभले नाही.

समुद्रापलीकडे

रमाबाई लेकराला घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला व स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. मिस हर्फर्ड नावाच्या मिशनरी बाईंजवळ त्या इंग्रजी व मराठी नवा करार शिकू लागल्या. वैद्यकीचे शिक्षण घेऊन आपल्या देशभगिनींची सेवा करावी अशी त्यांची इच्छा होती. म्हणून १८८३ साली, पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा प्रवासखर्चास लावून, त्या इंग्लंडास निघाल्या. मनोरमा तेव्हा दोन वर्षांची होती.

इंग्लंडात वाँटेज नावाच्या लहानशा गावी सेंट मेरी समाजाचा मठ होता. ह्या समाजाच्या भगिनींचे काम त्या वेळी पुण्यासही चालत असे, म्हणून त्यांनी ह्या मायलेकींना आपल्याकडे ठेवून घेतले. रमाबाईंना कोणाचे फुकटचे अन्न खाणे मान्य नव्हते. तेव्हा असे ठरले की, हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावी आणि त्याच्या मोबदल्यात स्वतः इंग्रजी शिकावी व तेथे राहावे. इंग्लंडच्या थंडीत काही गोऱ्या स्त्रिया बाराखडी गिरवीत आहेत, एक मराठी पंडिता इंग्रजी व्याकरण शिकत आहे, आणि दोन वर्षांचे मूल ह्या दोन्ही भाषांच्या मध्ये वावरत आहे, असा तो संसार होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथेच आई व कन्या ह्या दोघींचा बाप्तिस्मा झाला. मनोरमेच्या नावापुढे मेरी हे नाव जोडले गेले. परंतु मनोरमा हे नाव तसेच राहिले, व जन्मभर ती त्याच नावाने ओळखली गेली.

लहान मूल भाषा कशी उचलते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याला व्याकरण लागत नाही व पुस्तक लागत नाही. जो हात त्याला घास भरवितो, जो त्याला निजवितो व पडल्यावर उचलतो, त्याची भाषा ते आपली करते. परंतु जितक्या लवकर ते भाषा उचलते, तितक्याच लवकर ते ती विसरतेही. रोज ऐकू येणारी भाषा वाढते व ऐकू न येणारी सुकते. हा निसर्गाचा नियम आहे; त्यात मुलाचा दोष नाही.

१८८४ साली रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात गेल्या. तेथील मुख्य मिस डोरोथिया बील ह्यांनी त्यांना मोठ्या प्रेमाने वागविले. रमाबाईंना ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. त्या तेथे संस्कृत शिकवीत व स्वतः शास्त्रविषय शिकत. ह्या काळात मनोरमा पुष्कळ वेळा वाँटेजच्या भगिनींच्या देखरेखीखाली असे. सिस्टर जेरल्डीन ह्या तिच्यावर विशेष माया करीत. रमाबाईंनी ह्या बाईंना आजीबाई असे नाव दिले होते व पत्रांतही त्या हेच नाव लिहीत. आसामात जन्मलेल्या मुलीला इंग्लंडात एक गोरी आजी मिळाली आणि तिला हाक मारण्यास शब्द मात्र मराठी मिळाला. परकी माणसे आपली करावयाची तर आपल्या भाषेतले नाते त्यांना द्यावे, ही रमाबाईंची रीत ह्यात दिसते.

आईचा आग्रह

मनोरमा जसजशी मोठी होऊ लागली तसतसा रमाबाईंच्या मनात तो पोटातला प्रश्न उठू लागला. त्यांनी मिस बील व सिस्टर जेरल्डीन ह्यांना पुष्कळ पत्रे लिहिली. ती आज छापील उपलब्ध आहेत. त्यांत मनोरमेच्या शिक्षणाविषयी त्यांनी आपले मन उघड केले आहे. आपली मुलगी आपल्या देशबांधवांपैकी एक व्हावी, त्यांच्यामध्ये परकी किंवा त्यांच्याहून श्रेष्ठ अशी होऊ नये, ही त्यांची इच्छा होती. हिंदुस्थानचे नाव निघाले असता तिने लाजेने मान खाली घालू नये. परदेशात घर करून राहिलेल्या पुष्कळांची तशी गत होते हे त्यांनी पाहिले होते. ती सुखात वाढली नाही तरी चालेल, पण ज्यांची पुढे सेवा करावयाची त्यांच्यापासून तिचे मन दुरावू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

ह्यावरून कोणी असे समजू नये की रमाबाई इंग्रजी भाषेच्या किंवा इंग्रज लोकांच्या विरुद्ध होत्या. त्यांनी स्वतः ती भाषा इतकी चांगली साध्य केली की पुढे तीत पुस्तक लिहून सर्व अमेरिकेचे लक्ष वेधिले. मुलीने इंग्रजी शिकू नये असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. परंतु त्या स्वतः इंग्लंडातही शाकाहार पाळीत व आपला साधा स्वदेशी वेष ठेवीत. मुलगी काय खाते, कोणते धर्ममत शिकते, कोणाच्या आज्ञेत राहते, ह्याविषयी शेवटचा शब्द आईचा असावा, असा त्यांचा आग्रह होता. ह्यावरून भगिनींशी त्यांचे मतभेद झाले व ते कधी कधी तीव्रही झाले.

न्यायाने बोलावयाचे तर भगिनींची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांनी त्या लेकराला खाऊपिऊ घातले, तिच्यावर माया केली, व तिच्या आत्म्याची काळजी वाहिली. आपल्या समजुतीप्रमाणे जे उत्तम तेच तिला द्यावे असे त्यांना वाटे. दोन्ही बाजूंस प्रेम होते. परंतु प्रेमाने दिलेली गोष्टही मुलाला त्याच्या माणसांपासून दूर नेऊ शकते, हे आईला दिसत होते व दात्यांना दिसत नव्हते. बोर्डिंग चालविणारे, शिष्यवृत्ती देणारे व मुले दत्तक घेणारे ह्या सर्वांनी ह्या गोष्टीचा विचार करण्यासारखा आहे.

शास्त्रात अशीच एक आई आहे. मोशे फारोच्या कन्येच्या घरी वाढला व मिसरी लोकांची सर्व विद्या शिकला. परंतु त्याला दूध पाजण्यास जी दाई ठेविली ती त्याची स्वतःचीच आई होती. राजवाड्यातील विद्या व आईच्या मांडीवरील भाषा ही दोन्ही मिळाल्यामुळेच पुढे तो राजाशीही बोलू शकला व गुलामांशीही बोलू शकला.

अमेरिका व स्वदेशी परत येणे

१८८६ च्या आरंभी रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी ह्यांना वैद्यकीची पदवी मिळावयाची होती. तो समारंभ पाहण्याचे निमंत्रण होते. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. विधवांसाठी शाळा काढण्यास साहाय्य मिळावे म्हणून त्या गावोगाव व्याख्याने देत हिंडल्या. अशा प्रवासात पाच वर्षांचे मूल सांभाळणे शक्य नव्हते, म्हणून मनोरमेला इंग्लंडात भगिनींकडे परत पाठविण्यात आले. आई एका खंडात व मूल दुसऱ्या खंडात, मध्ये महासागर, आणि जोडणारे साधन म्हणजे बोटीने जाणारे पत्र, अशी ती स्थिती होती. परक्याच्या लेकींचे कल्याण करण्यासाठी ह्या आईला स्वतःच्या लेकीचा सहवास सोडावा लागला. हे मोल लहान नव्हते.

अमेरिकेत असताना रमाबाईंनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, व आपल्या मुलींसाठी मराठी क्रमिक पुस्तके तयार करण्याच्या मागे त्या लागल्या. स्वदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती व आपला प्रवास ह्यांविषयी मोठे पुस्तक छापले, ते मराठीत. परदेशात जे पाहिले ते आपल्या माणसांना त्यांच्याच भाषेत सांगितले पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. मुलीला जो धडा द्यावयाचा तो त्यांनी प्रथम स्वतः गिरविला.

१ फेब्रुवारी १८८९ रोजी रमाबाई मुंबईस उतरल्या व ११ मार्च रोजी चौपाटीवर शारदा सदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले. मनोरमा आता आईजवळ राहू लागली. तिचे वय आठ वर्षांच्या आसपास होते. इंग्लंड व अमेरिका पाहून आलेली ही मुलगी आता ज्यांच्या पंक्तीस बसली त्या कोण होत्या? त्या बालविधवा होत्या. कित्येकींना घरातून टाकलेले होते, व पुष्कळींना अक्षरओळखही नव्हती. आईला तिची सोय निराळ्या घरात, निराळ्या ताटात, परदेशी मैत्रिणींमध्ये करता आली असती. त्यांनी तसे केले नाही. हाच त्यांचा उपाय होता. स्वदेशाविषयी भाषणे ऐकवून मूल स्वदेशी होत नाही. स्वदेशातल्या दुःखी माणसांबरोबर ते जेवले, खेळले व निजले म्हणजे होते. पहाटे आई व कन्या प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. जिला यावयाचे असेल ती येई. पुढे १८९३ साली ह्याच कारणावरून मोठा गदारोळ झाला व पुष्कळ मुलींना पालकांनी सदनातून काढून नेले. त्या वयातच मनोरमेला समजले असेल की, दोन जगांच्या मध्ये उभे राहणाऱ्याला दोन्हीकडून दगड लागतात.

पुन्हा शाळेत

१८९६ च्या सुमारास पंधरा वर्षांच्या मनोरमेला शिक्षणासाठी पुन्हा इंग्लंडास पाठविण्यात आले, व तेथून ती अमेरिकेस गेली. न्यूयॉर्क राज्यात नॉर्थ चायली नावाच्या खेड्यात फ्री मेथडिस्ट मंडळीची चेसब्रो सेमिनरी ही शाळा होती. तेथे ती व शारदा सदनातील आणखी काही मुली शिकू लागल्या. ह्या वेळची मनोरमा व पहिल्या वेळची मनोरमा ह्यांत मोठा फरक होता. पहिल्या वेळी ती कोणाची हे तिला स्वतःला सांगता येण्यासारखे नव्हते. आता मराठी तिच्याजवळ होती, सदनातील भगिनींची आठवण जवळ होती, व आपण कोणासाठी शिकतो हे ठाऊक होते. मूळ खोल गेलेल्या रोपाला दुसऱ्या मातीत हलविले तरी ते जगते. मूळ न धरलेले रोप हलविले तर सुकते. बाजरी-कपाशीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

मुक्तीची सेवा

इकडे देशावर दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली. रमाबाईंनी स्वतः तेथे जाऊन सुमारे ३०० मुली व स्त्रिया वाचवून आणिल्या. त्या प्रांतातून पुण्याकडे येणारा लोहमार्ग आपल्या खानदेशातूनच भुसावळ, जळगाव व चाळीसगाव ह्या स्थानकांवरून जातो. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर ह्या मुलींसाठी मुक्तिसदन उभे राहिले. त्यानंतर १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवताच्या १९५६ ह्या आकड्यावरून आपले वृद्ध लोक त्याला छप्पन्नाचा दुष्काळ म्हणत. तेव्हा गुजरात व काठेवाडाकडूनही शेकडो मुली आल्या, व मुक्तीची वस्ती २००० च्या जवळ गेली.

आता त्या आवारात किती भाषा असतील ह्याची कल्पना करावी. मध्य प्रांतातल्या मुली हिंदी बोलत, गुजरातेकडच्या गुजराती बोलत, पुण्याकडच्या मराठी बोलत. मदतीस आलेल्या परदेशी बाया इंग्रजी बोलत. भुकेने अर्धमेल्या झालेल्या मुलीला परक्या भाषेतील दयेचा शब्दही भीतिदायक वाटतो. अशा ठिकाणी दोन भाषांमध्ये पूल होणारे माणूस अन्नाइतकेच मोलाचे असते.

१९०० च्या सुमारास मनोरमाबाई अमेरिकेहून परत आल्या व ह्या कामात आईच्या शेजारी उभ्या राहिल्या. शारदा सदनाचे मुख्यपण त्यांनी पत्करले. परदेशात त्यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली होती. उठावाच्या ठिपक्यांची ती लिपी आंधळी माणसे बोटांनी वाचतात. मुक्तीत आलेल्या दुष्काळपीडितांमध्ये दृष्टिहीन स्त्रियाही होत्या. त्यांना मनोरमाबाईंनी वाचावयास शिकविले. जगाच्या दुसऱ्या टोकाला मिळविलेली विद्या त्यांनी अशा स्त्रियांच्या बोटांत उतरविली, ज्यांना घरी कोणी शहाण्यांत धरीत नव्हते व दारी भीक हीच ज्यांची वाट होती. परदेशी शिक्षणाचे सार्थक ह्याहून निराळे कोणते असावे?

मुक्तीच्या कार्याची माहिती देण्यासाठी त्या ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आल्या. तेथील मंडळ्यांपुढे इंग्रजीत बोलणे त्यांना सहज साधे, आणि केडगावच्या अंगणात मराठी बोलणेही तितकेच सहज साधे. इतके देश पाहिल्यावरही त्यांनी आपला अभ्यास पुरा झाला असे मानिले नाही. कामाचा भार वाहता वाहता त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळविली.

१९१२ साली निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे मुलींसाठी ख्रिस्ती शाळा स्थापण्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. त्या मुलखात कानडी बोलतात. रमाबाईंनी ज्या भाषेच्या मुलखात जन्म घेतला त्याच भाषेच्या मुलखात त्यांची कन्या शिक्षणाचा दिवा लावण्यास गेली.

शेवट

ह्या सर्व वर्षांत रमाबाई एका मोठ्या कामात गढून गेल्या होत्या. मराठी बायबलात पुष्कळ संस्कृत शब्द असल्यामुळे अडाणी स्त्रियांना ते कळत नाही, असे त्यांना दिसून आले. म्हणून त्यांनी उतारवयात इब्री व हेल्लेणी ह्या मूळ भाषांचा अभ्यास करून सबंध शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. खिळे जुळविण्याचे व छापण्याचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. इतक्या भाषांची विदुषी, परंतु तिच्या विद्येचा शेवट कशात झाला? दळण दळणाऱ्या बाईला समजेल अशा बोलीत. रमाबाईंच्या मागे १९२४ साली ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

आपल्यामागे मुक्तीचे काम मनोरमा चालवील अशी आईची आशा होती. परंतु अति श्रमाने मनोरमाबाईंची प्रकृती ढासळली, आणि १९२१ च्या जुलैत मिरज येथे, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्या प्रभूजवळ गेल्या. आईने हा घावही सोसला व भाषांतराचे काम सोडले नाही. त्यानंतर नऊ महिने पुरे होण्याआधी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही विसाव्यास गेल्या.

मनोरमाबाईंचे आयुष्य सुखाचे होते असे कोणी म्हणणार नाही. बाप आठवत नाही, आई वर्षानुवर्षे दूर, घर कधी ह्या देशात तर कधी त्या देशात, असे त्यांचे बाळपण गेले. अशा बाळपणातून निघालेली पुष्कळ मुले कोणत्याच माणसांना आपली म्हणू शकत नाहीत. मनोरमाबाई म्हणू शकल्या. त्याचे कारण असे की, इंग्रजी शिकविणारे त्यांना पुष्कळ भेटले, पण त्या सर्वांमध्ये तू कोणाची आहेस हे न विसरू देणारी एक आई होती.

प्रिय बंधुभगिनींनो, आज आपली मुले धुळे-जळगावच्या इंग्रजी शाळांत जातात, पुण्या-मुंबईस वसतिगृहांत राहतात, आईबापांमागोमाग सुरतेस जातात, आणि काही साता समुद्रांपलीकडेही गेली आहेत. तेथे अमेरिकेतली मराठी मंडळे आपल्या मुलांसाठी मराठी शाळा चालवितात. म्हणजे रमाबाईंच्या पोटातले भय त्यांच्याही पोटात आहे. मुलांना अडवू नये. जी भाषा शिकावयास मिळेल ती त्यांनी शिकावी, कारण प्रत्येक भाषा म्हणजे शेजाऱ्याच्या घराचा एक दरवाजा आहे. परंतु आईबापांनी त्यांच्याशी आपल्या बोलीत बोलणे सोडू नये. आपली मोडकी इंग्रजी मुलाला शिकविण्यापेक्षा आपली चांगली अहिराणी किंवा मावची त्याला द्यावी. इंग्रजी त्याला शाळा देईल. ही दुसरी भाषा देणारे आपल्यावाचून कोणी नाही.

सुटीत मुले घरी आली म्हणजे त्यांना पाहुण्यांसारखे बसवून ठेवू नये. त्यांना आजारी शेजाऱ्याकडे न्यावे, शेतावर न्यावे, आजीला शास्त्रातला उतारा वाचून दाखविण्यास व तिच्याच बोलीत त्याचा अर्थ सांगण्यास बसवावे. जे मूल दोन भाषांत शिकलेले आजीला समजावून सांगू शकते, त्याचे शिक्षण खरे झाले असे समजावे.

पौल यरुशलेमेत पकडला गेला तेव्हा सरदाराशी तो हेल्लेणी भाषेत बोलला व सरदार चकित झाला. मग पायऱ्यांवर उभा राहून तो लोकांशी त्यांच्या इब्री बोलीत बोलू लागला, तेव्हा सर्व जमाव शांत झाला. सरदाराला चकित करण्याइतकी विद्या आपल्या मुलांना मिळो, आणि आपल्या माणसांना शांतपणे ऐकावेसे वाटेल अशी बोलीही त्यांच्या मुखी राहो.